जमीन कसणाऱ्याची की कागदाची? पेडणे-डिचोलीतले तीन दाखले

गोव्यात भूसंपादनाचा विषय निघाला की बोलणं मोपा विमानतळापासून सुरू होतं. खरं तर गोष्ट जुनी आहे. डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके. डिचोली पोर्तुगिजांकडे १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, पेडणे १७८८ मध्ये. इथली बरीच जमीन मोठ्या भाटकारांच्या नावे राहिली. कसणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचं. हे अंतर ध्यानात घेतलं की पुढचे तीन दाखले नीट उलगडतात.

पहिला खाणींचा. १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमाखाली खनिजाची कन्सेशनं वाटली गेली. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांच्या लीज झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२२ मध्ये लिलाव झाला, त्यात डिचोली ब्लॉक होता. बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव या गावांतली सुमारे ४७८ हेक्टर जमीन त्याच्या हद्दीत येते. आमची घरं, देवळं, शेतं वगळा, ही मुळगावकरांची मागणी आहे. लीजमध्ये जमिनीची मालकी बदलत नाही. पण खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लागतात, आणि भोवतालच्या विहिरी उतरतात. सात-बारासारखा आपला एक-चौदाचा उतारा तसाच राहतो, पाणी मात्र जातं.

दुसरा मये गावचा. तिथला बडा जमीनदार मुक्तीनंतर गोवा सोडून गेला आणि जमीन १९६४ च्या कायद्याखाली स्थलांतरिताची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात आली. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने इतरत्र कुळं मालक ठरली. मयेकर मात्र अडकून राहिले. त्यांच्यासाठी कायदा झाला २०१४ मध्ये. मुक्ती १९६१ ची, म्हणजे मध्ये ५३ वर्षं गेली.

तिसरा मोपा. सड्यावरची दोन हजार एकरांहून जास्त जमीन मुख्यतः १८९४ च्या कायद्याने घेतली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला; अर्जात जंगल आणि पाण्याचे प्रवाह यांची माहिती नीट दिलेली नव्हती. २०२० मध्ये स्थगिती उठली आणि २०२३ च्या जानेवारीपासून विमानं सुरू झाली. रोजगार आला, रस्ते आले, हे नाकारायचं कारण नाही. पण जांभ्याचा सडा पावसाचं पाणी मुरवतो आणि खालच्या झरींना, कुळागरांना पुरवतो. इंजिनिअरच्या नकाशावर तोच सडा 'पडीक' दिसतो. गुरं चारणारा, काजू गोळा करणारा तर कुठल्याच रकान्यात नसतो.

२०१३ च्या कायद्याने अशा उपजीविका गमावणाऱ्यांनाही बाधित कुटुंब मानलं आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. पण अभ्यासाला नोंद लागते. प्रत्येक गावातल्या झरी, पायवाटा, चराऊ जागा आणि वहिवाट आपण आत्ताच, म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवायला हवी. संपादनाची नोटीस आल्यावर जमवलेला पुरावा ऑफिसात कुणी धरत नाही.