ढेकूण, खाट आणि वाटसरू : तात्पुरत्या निवासातील कीटकप्रतिबंधाचा इतिहास

ढेकूण हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. युद्धे, राजवटी आणि महामाऱ्या यांच्या शेजारी या क्षुद्र कीटकाची गणना करण्याची प्रथा नाही. त्याच्यामुळे मनुष्यांत एखाद्या रोगाचा नैसर्गिकरीत्या प्रसार होतो, असेही सिद्ध झालेले नाही. परंतु परक्याच्या खाटेवर एक-दोन रात्री मोबदला देऊन झोपण्याची रीत जेव्हा रूढ झाली, तेव्हा त्या खाटेच्या स्वच्छतेस उत्तरदायी कोण, हा प्रश्नही निर्माण झाला. पाहुणा, मालक, नोकर की शासन? या प्रश्नास निरनिराळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट ध्यानी येते. जेव्हा लक्ष खाटेवर आणि भिंतीवर केंद्रित झाले तेव्हा प्रतिबंध साधला. जेव्हा ते माणसावर केंद्रित झाले तेव्हा तो फसला.

१. नावांची साक्ष

या कीटकाची नावे तपासली तर त्याच्या वसतिस्थानाविषयी लोकांनी केलेले निरीक्षण त्यांत साठलेले आढळते. हिंदीतील ‘खटमल’ या शब्दाचा पूर्वार्ध खाटेचा आहे. लिनियसने १७५८ मध्ये मान्य केलेल्या ‘सिमेक्स लेक्ट्युलॅरियस’ या शास्त्रीय नावातील दुसरे पद लॅटिनमधील शय्यावाचक शब्दापासून आले आहे. जर्मन ‘वान्त्से’ या शब्दाच्या मुळाशी ‘भिंत’ आहे. स्वीडिश भाषेत तर आजही या कीटकास ‘भिंतीची ऊ’ अशा अर्थाचाच शब्द वापरतात. फ्रेंचांनी मात्र त्याच्या दुर्गंधीवरून नाव योजले. मराठी ‘ढेकूण’ हा शब्द प्राकृतातील ‘ढंकुण’, ‘ढेंकुण’ या रूपांशी निगडित आहे, आणि संस्कृत ग्रंथांत ‘मत्कुण’ हा शब्द येतो.

यांतील पहिल्या गटाची नावे विशेष बोलकी आहेत. ऊ माणसाच्या अंगावर राहते व माणसाबरोबर फिरते. ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही; तो खाटेच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत किंवा गादीच्या शिवणीत दडतो, रात्री काही मिनिटांपुरता बाहेर येऊन रक्त शोषतो आणि पुन्हा आपल्या फटीत परततो. उवेचा प्रश्न हा देहाचा आहे, ढेकणाचा प्रश्न हा वास्तूचा आहे. हा भेद नावे देणाऱ्यांस कळला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

२. अग्निमुखाची कथा

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि एक ढेकूण यांची कथा आहे. प्रचलित पाठात ढेकणाचे नाव अग्निमुख असे आहे. राजाच्या शय्येवरील वस्त्रात ऊ सुखाने राहत असते. तेथे भटकत आलेला ढेकूण अतिथिधर्माची आठवण देऊन एका रात्रीचा आश्रय मागतो. राजा झोपेपर्यंत थांबण्याची अट तो पाळत नाही आणि राजा जागा असतानाच त्यास चावतो. राजा ओरडून उठतो, सेवक शोध घेऊ लागतात, ढेकूण खाटेच्या फटीत निसटतो आणि वस्त्राच्या सांध्यात बसलेली ऊ मारली जाते.

अज्ञात स्वभावाच्या व्यक्तीस आश्रय देऊ नये, हे या कथेचे तात्पर्य सर्वपरिचित आहे. मराठी संतवाङ्मयाने रूढ केलेला, ढेकणाच्या संगतीने हिरा भंगल्याचा दृष्टान्तही याच अंगाने जातो. दोहोंत दोष आगंतुकाचा, कुसंगतीचा. परंतु कथेचा तपशील याहून अधिक सांगतो. सेवकांनी वस्त्र तपासले. खाट तपासली नाही. जी हाती लागली ती अपराधी ठरली आणि खरा उपद्रव लाकडात सुरक्षित राहिला. पुढील शतकांत ही चूक अनेकदा घडली.

३. वळकटीपासून भाड्याच्या खाटेपर्यंत

महाराष्ट्रातील जुन्या धर्मशाळेत उतरणारा वाटसरू सामान्यतः आपले अंथरूण आपल्याबरोबर आणीत असे. वळकटी त्याची, जमीन धर्मशाळेची. निवासात लाकडी सामान थोडे असल्याने ढेकणास दडावयास मुख्यतः भिंतीच्या भेगाच उरत, आणि अंथरुणाची निगा ज्याची त्याने राखावयाची असे. घरोघरी बाज उन्हात टाकून आपटणे, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे हे उपाय चालत. ते कष्टाचे असले तरी त्यांचा रोख योग्य ठिकाणी होता. रेल्वेच्या काळात वळकटीची जागा होल्डॉलने घेतली, तरी अंथरूण प्रवाशाचेच राहिले.

पुढे लॉजिंग-बोर्डिंगची पद्धत आली. खाट, गादी व उशी मालकाची झाली आणि पाहुणा रिकाम्या हाताने येऊ लागला. सुखसोय वाढली, पण व्यवहाराचे स्वरूपही पालटले. आता खाट स्थिर राहिली व झोपणारा प्रत्यही बदलू लागला. अंथरुणाबरोबर त्याची जबाबदारीही वस्तुतः मालकाकडे गेली. मात्र ही गोष्ट स्पष्टपणे मान्य होण्यास पुष्कळ काळ लागला. या स्थित्यंतराची लेखी साधने लंडन शहराच्या इतिहासात विपुल असल्याने त्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

४. लंडन : पेटी, टोपली आणि चुना

जॉन साउथॉल या व्यावसायिकाने १७३० मध्ये ढेकणांविषयी एक स्वतंत्र पुस्तिका लंडन येथे प्रसिद्ध केली आणि ती रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष सर हॅन्स स्लोन यांस अर्पण केली. आपले एक गुप्त द्रावण खपविणे हा तिचा एक हेतू होता. तथापि तीत निरीक्षणही आहे. ढेकूण शहरात जहाजांतून व सामानातून येतात हे साउथॉलने ओळखले होते. धोबिणीची टोपली घरात येऊ देऊ नये आणि नव्या नोकरांच्या पेट्या तपासल्यावाचून आत घेऊ नयेत, असे त्याने बजावले. सामानाच्या तपासणीचा हा सल्ला आजही टाकाऊ नाही. परंतु टोपली धोबिणीची व पेटी नोकराची. धन्याच्या स्वतःच्या पेटीचा संशय येथे प्रधान नाही.

हीच दृष्टी हेन्री मेह्यू याने लंडनमधील श्रमिकांविषयी लिहिलेल्या ग्रंथातही दिसते. त्याच्या तिसऱ्या खंडात (१८६१) राजघराण्यासाठी ढेकूण मारणाऱ्या टिफिन नामक व्यावसायिकाची मुलाखत आहे. हा व्यवसाय १६९५ पासून चालत आल्याचे त्या पेढीचे सांगणे होते. टिफिनची गिऱ्हाइके वरच्या वर्गातील होती, आणि नोकरांच्या पेट्यांतून ढेकूण येतात हे त्याचेही मत होते. मात्र त्याची कार्यपद्धती विचारणीय आहे. तो वार्षिक कराराने घरांची नियमित तपासणी करी. उपद्रव झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होण्यापूर्वी पाहणी करावी, हे तत्त्व श्रीमंतांच्या घरांत अशा रीतीने व्यवहारात आले.

गरिबांच्या भाडोत्री निवासांत तेच तत्त्व कायद्याने आणावे लागले. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने १८५१ मध्ये ब्रिटनमध्ये सामान्य निवासगृहांचा कायदा संमत झाला आणि रात्रीच्या भाड्याने खाट देणाऱ्या घरांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने अशा घराच्या चालकावर भिंती व छत यांना वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात, चुना देण्याचे बंधन घातले. हे कलम केवळ ढेकणांसाठी नव्हते. तथापि भेगा बुजविणे, भिंत उघडी करून पाहणे आणि हे काम ठरावीक काळाने पुन्हा करणे या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप साधत होत्या. विशेष म्हणजे, कोणत्या पाहुण्याने कीटक आणला, याची चौकशी कायद्यास आवश्यक वाटली नाही. कर्तव्य चालकाचे होते. याच शतकात लाकडी पलंगांच्या जागी लोखंडी पलंग आले आणि ढेकणांच्या लपण्याच्या जागा आणखी कमी झाल्या.

१९३० नंतरच्या दशकात गलिच्छ वस्त्या पाडून कुटुंबांना नगरपालिकांच्या नव्या घरांत हलविताना ब्रिटनमध्ये हा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. अनेक नगरांत कुटुंबाचे सामान गाडीत भरून हायड्रोजन सायनाइड या प्राणघातक वायूची धुरी देण्यात येई आणि नंतरच ते नव्या घरात जाई. उपाय परिणामकारक होता. परंतु गल्लीतून जाणारी ती गाडी कुटुंबास लाज आणणारी होती. जेथे लाज उत्पन्न होते तेथे लपविणेही आलेच, आणि लपविलेला उपद्रव वाढतो.

५. डीडीटी आणि विस्मृती

पॉल म्यूलर याने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला व त्याबद्दल त्यास १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीवर एकदा फवारलेले हे द्रव्य महिनोन् महिने परिणामकारक राहत असे. फट शोधण्याची गरज उरली नाही; फटीतून बाहेर आलेला ढेकूण स्वतःच विषावरून चालत जाई. अनेक संपन्न देशांत तो अल्पावधीत दुर्मिळ झाला.

या यशाची किंमत दोन प्रकारे द्यावी लागली. एक तर कीटकात प्रतिकारशक्ती निर्माण झाली. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथील नाविकांच्या बराकींत डीडीटीस दाद न देणारे ढेकूण १९४७ मध्येच आढळले होते. दुसरी किंमत अधिक सूक्ष्म होती. पाहणीची विद्या लोप पावली. गादीची शिवण उलटून पाहणारी, काळ्या ठिपक्यांवरून विष्ठा ओळखणारी, पलंग भिंतीपासून दूर ठेवणारी पिढी मागे पडली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे ढेकूण पुन्हा पसरू लागले. त्यांपैकी अनेक पायरेथ्रॉइड वर्गाच्या प्रचलित विषांना जुमानत नव्हते. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सिमेक्स हेमिप्टेरस’ या उष्ण प्रदेशातील जातीतही अशी प्रतिकारशक्ती दिसून आली आहे.

६. अल्पमुदतीचे घर

आज धर्मशाळा आणि लॉज यांच्या जोडीस दोन-चार रात्रींकरिता भाड्याने मिळणारे राहते घर आले आहे. प्रतिबंधाच्या दृष्टीने हे सर्वांत अवघड होय. हॉटेलात व्यवस्थापक व सफाईचा सेवकवर्ग जागेवर असतो. येथे मालक पुष्कळदा अन्यत्र राहतो. एक पाहुणा सकाळी जातो, दुसरा दुपारी येतो, आणि मधल्या दोन-तीन तासांत चादरी बदलण्यापलीकडे फारसे घडत नाही. शिवाय चाव्याची खूण काही जणांच्या अंगावर अनेक दिवसांनी उमटते आणि काहींच्या अंगावर उमटतच नाही. तोवर पाहुणा आपल्या गावी पोहोचलेला असतो. कीटक त्याने आणला की त्याने तो नेला, याचा निर्णय अशा स्थितीत जवळजवळ अशक्य असतो. दोषी शोधण्यात वेळ दवडला जातो आणि अग्निमुख फटीत राहतो.

यास्तव आज तज्ज्ञ जे उपाय सुचवितात ते जुन्याच तत्त्वांची सुधारलेली रूपे आहेत. गादीस सर्व बाजूंनी बंद होणारी खोळ घालावी. पलंग साधा, कमी सांध्यांचा व भिंतीपासून अलग असावा. पायांखाली कीटक अडविणाऱ्या वाट्या ठेवाव्यात. भेगा बुजवाव्यात. प्रवाशाचे सामान पलंगावर न ठेवता उंच धातूच्या घडवंचीवर ठेवण्याची सोय असावी. प्रत्येक पाहुण्यानंतर शिवणी, पलंगाची मागची फळी व सांधे विजेरीच्या उजेडात पाहावेत. उपद्रव आढळल्यास कपडे उष्ण पाण्यात धुऊन उष्ण हवेत वाळवावेत. सुमारे ५० अंश सेल्सियस उष्णता सर्वत्र पोहोचल्यास अंडीही मरतात. उष्ण दिवसांत अंडी आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून पहिल्या उपचारानंतर सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी तपासणी अपरिहार्य होय. बाजारात मिळणाऱ्या धूर सोडणाऱ्या डब्यांवर मात्र विसंबू नये. ओहायओ राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे त्यांचा परिणाम दडलेल्या ढेकणांवर नगण्य असतो. धूर खोलीत भरतो, फटीत शिरत नाही.

कायद्याची गती याहून मंद आहे. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून घरमालकाने नव्या भाडेकरूस मागील वर्षातील ढेकणांच्या उपद्रवाची लेखी माहिती द्यावी लागते. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्याने भाड्याचे घर उपद्रवी कीटकांपासून मुक्त असावे अशी अट घातली. परंतु या तरतुदी मुख्यतः नेहमीच्या निवासाच्या भाडेकरारांस उद्देशून आहेत. दोन रात्रींचा पाहुणा त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांविषयी मोठी खळबळ उडाली, तेव्हाही आगगाड्यांतील आसने आणि परदेशी प्रवासी यांचीच चर्चा अधिक झाली.

१८७५ च्या कायद्याने निवासगृहाच्या चालकास चुन्याची बादली हाती घेण्यास लावले आणि पाहुण्याच्या गुणदोषांची उठाठेव केली नाही. आजच्या अल्पमुदतीच्या निवासास अशाच नियमाची आवश्यकता आहे : ठरावीक काळाने तपासणी, तिची नोंद, आणि उपद्रव कळविणाऱ्या पाहुण्यावर किंवा सफाई करणाऱ्या स्त्रीवर दोषारोप न करण्याची हमी. जी कामकरी स्त्री ढेकूण प्रथम पाहते, तिलाच तो आणल्याचा ठपका बसण्याची भीती वाटत असेल, तर ती पाहिलेले सांगणार नाही. खाटेचे नाव धारण करणाऱ्या या कीटकाचा शोध खाटेतच घ्यावयास हवा.