एम्डेनचा मुद्रक आणि गोव्यात छापलेला ग्रंथ

१/ १५५६ साली गोव्यात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. पुढे १५६१ च्या एका धर्मग्रंथावर दोन मुद्रकांची नावे उमटली. त्यांपैकी जोआंव द एंडेम हा, नावावरून पाहता, उत्तर जर्मनीतील एम्डेन बंदराकडचा.

२/ गुटेनबर्गचे बायबल माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास छापून झाले. १४६२ मध्ये ते शहर लुटले गेले आणि जर्मन मुद्रक आपली कला घेऊन युरोपभर पांगले. एंडेम त्याच परंपरेतला. तो मात्र समुद्र ओलांडून आला.

३/ १० एप्रिल १५६३ रोजी त्याने गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ छापून पूर्ण केला. ओर्ताने बीडलगतच्या अहमदनगरात बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले होते. दख्खनच्या हकिमांकडून मिळालेले ज्ञान, तसेच आंबा, फणस, आले, हिंग यांची चर्चा या ग्रंथात आहे.

४/ छपाई निर्दोष नव्हती. चुका इतक्या, की शुद्धिपत्रच कित्येक पानांचे झाले. तरीही १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला.

५/ ओर्ता मूळचा ज्यू कुळातील. १५६८ मध्ये तो वारला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

६/ ग्रंथ मात्र तोवर युरोपात पोहोचला होता. एकुलती हस्तलिखित प्रत असती, तर तीही त्या आगीत गेली असती. एंडेमच्या चुकीच्या खिळ्यांनी ओर्ताचे ज्ञान वाचवले.