मोयामोया रोग

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या कवटीच्या तळाशी हळूहळू अरुंद होत बंद पडण्याचा दुर्मीळ विकार. अंतर्गत ग्रीवा रोहिणीचे वरचे टोक आणि तिथून निघणाऱ्या पुढच्या व मधल्या मस्तिष्क रोहिण्यांचा आरंभ, या जागी तो होतो. बहुधा दोन्ही बाजूंना. रोहिणीचा आतला थर जाड होऊन पोकळी आक्रसते. उतारवयात चरबी साचून रोहिण्या कडक होतात, तो प्रकार वेगळा.

मुख्य वाट बंद होऊ लागली की आसपासच्या केसासारख्या वाहिन्या रुंदावून रक्त पुढे नेतात. रोहिणीचित्रणात त्यांचे जाळे धुराच्या लोटासारखे दिसते, त्यावरून हे जपानी नाव पडले. ताकेउची व शिमिझू यांनी १९५७ मध्ये पहिले वर्णन केले. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील जिरो सुझुकी व ताकाकू यांनी १९६९ मध्ये नाव रूढ केले आणि रोगाच्या सहा पायऱ्या सांगितल्या. शेवटच्या पायरीवर हे जाळे नाहीसे होते. ही बरे होण्याची खूण नव्हे. तोवर अंतर्गत रोहिणीचा पुरवठा संपलेला असतो आणि मेंदू बाह्य ग्रीवा रोहिणीच्या शाखांवर विसंबतो.

जपान, कोरिया व चीनमध्ये प्रमाण अधिक आहे. २००३ च्या जपानी पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे सहा रुग्ण आढळले. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. पाच ते दहा वर्षे आणि चाळिशी, असे दोन वयोगट ठळक आहेत. आरएनएफ२१३ या जनुकाशी असलेला संबंध २०११ मध्ये उघड झाला. मात्र त्यातील बदल असलेल्या बहुतेकांना रोग होत नाही.

मुलांमधील लक्षणे चकवणारी असतात. मूल हुंदके देऊन रडते आणि त्याचा एक हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते किंवा बोबडी वळते. थोड्या वेळात सगळे पूर्ववत. बाजा वाजवताना, गरम शेवयांवर फुंकर घालताना, धापा टाकत पळाल्यावरही असे घडते. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या वाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच तोकडा असलेला पुरवठा आणखी घटतो. लक्षण आपोआप जाते, म्हणून ते नाटक, अशक्तपणा किंवा आकडी समजून सोडले जाते, आणि उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ इथेच वाया जातो. पुढे कायमचा पक्षाघात होऊ शकतो. सकाळची डोकेदुखी, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, अभ्यासात मागे पडणे, ही आणखी लक्षणे.

प्रौढांतही पक्षाघात होतो, पण पूर्व आशियात मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण बरेच आहे. वर्षानुवर्षे जादा भार सोसलेल्या नाजूक वाहिन्या फुटतात.

एमआरआय व त्यासोबतच्या रोहिणीचित्रणाने निदान होते. शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा नळी घालून सविस्तर चित्रण करतात. असेच चित्र सिकलसेल, डाऊन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस किंवा डोक्याला दिलेल्या किरणोपचारानंतरही दिसते. त्याला मोयामोया लक्षणसमूह म्हणतात. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल असल्याने तिथल्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावे. क्षयाच्या मेंदूज्वरानेही तळाच्या रोहिण्या अरुंद होतात, हे भारतात विसरून चालत नाही.

रोग थांबवणारे औषध नाही. रक्तपुरवठा कमी पडणाऱ्यांना ॲस्पिरिन देतात, पण खरा उपाय शस्त्रक्रिया. थेट पद्धतीत कानापुढून जाणारी टाळूची रोहिणी मेंदूच्या पृष्ठभागावरील रोहिणीला जोडतात. अप्रत्यक्ष पद्धतीत ती रोहिणी किंवा स्नायू मेंदूवर नुसता टेकवून ठेवतात. काही महिन्यांत नव्या वाहिन्या फुटतात. मुलांच्या रोहिण्या बारीक असतात आणि नव्या वाहिन्या फुटण्याची क्षमता चांगली असते, म्हणून त्यांना ही पद्धत मानवते. प्रौढांत थेट किंवा दोन्हींचा मेळ घालतात. रक्तस्राव झालेल्या ८० प्रौढांवरील जपानी चाचणीत (२०१४) पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११.९ टक्क्यांना, तर इतरांपैकी ३१.६ टक्क्यांना झाला. संख्या लहान असली तरी कल स्पष्ट आहे.

थेट जोडणीनंतर अचानक वाढलेल्या प्रवाहाने डोकेदुखी, आकडी वा रक्तस्राव संभवतो, म्हणून पहिले काही दिवस रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवतात. भूल देताना रक्तदाब घसरू न देणे, शरीरात पाणी कमी पडू न देणे, कार्बन डायऑक्साइडची पातळी सांभाळणे आणि मुलाला रडू न देणे ही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. एकाच बाजूला रोग असलेल्यांत, विशेषतः मुलांत, दुसरी बाजूही कालांतराने बाधित होऊ शकते. त्यांची चित्रणे ठरावीक अंतराने करत राहतात.