म्हैसूरची येझदी आणि शोलावरमचे स्वार

लढाया आणि मोहिमा आपण बऱ्याच केल्या. आज मोटारसायकल शर्यतींबद्दल बोलणार आहे. हा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. तो ज्यांच्या डोक्यात आहे ते स्वार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ते कुठल्या मेळाव्याला येत नाहीत. तुमची जुनी गाडी टपरीबाहेर उभी दिसली की आपणहून थांबतात आणि विचारतात, "कुठल्या सालची?"

अशी भेट व्हायला म्हैसूरचा परिसर फार चांगला, आणि त्याला कारण मुंबईत आहे. रुस्तम आणि फारुख इराणी मुंबईत चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली आणून विकत असत. आयातीवर बंधनं आली तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या यादवगिरीत कारखानाच काढला, 'आयडियल जावा'. 1961 साली जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सत्तरच्या दशकात गाडीचं नाव येझदी झालं. 1996 साली कारखाना बंद पडला. माणसं मात्र तिथेच राहिली.

गाडी साधी होती. एकच सिलिंडर, 250 सीसी, टू-स्ट्रोक, आणि त्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक मारायची तीच दांडी पुढे वळवली की गिअरची होई. असलं साधं इंजिन घरच्या अंगणात उघडता येतं, म्हणून शर्यतीच्या नादाला लागलेल्या मुलांना ते फार सोयीचं पडलं.

शर्यती कुठे होत? दुसऱ्या महायुद्धाने आपल्याकडे धावपट्ट्या मागे ठेवल्या. त्यातली एक मद्रासजवळ शोलावरमला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवी. कलकत्तेकरांना बराकपूर, मुंबईकरांना जुहू. विमानांसाठी केलेलं ते काँक्रीट. नव्वदच्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईचा खास ट्रॅक तयार झाला आणि शोलावरम मागे पडलं.

आता टी. नरसीपूर. म्हैसूरहून तीसेक किलोमीटर. कावेरी आणि कपिला इथे मिळतात, तिसरा प्रवाह गुप्त मानतात. सोमनाथपूर-तलकाडला निघालेले जुन्या गाड्यांचे शौकीन इथे चहाला थांबतात. मीही थांबलो होतो. एक गृहस्थ आले, चालू इंजिनाकडे कान दिला आणि कानडी हेलाच्या मराठीत म्हणाले, "पॉइंट थोडे मागे आहेत, साहेब." खरोखरच होते. पुढे कळलं, हे शोलावरमला धावलेले.

गस्तीवरून आलेल्या जवानाला प्रश्न विचारायची आम्हाला एक पद्धत असते: काय केलंस, काय पाहिलंस, मग तुझं मत. त्याच क्रमाने विचारलं. कितवा नंबर आला हे विचारलं नाही. दर सांगण्यागणिक तिसऱ्याचा दुसरा होतो आणि दुसऱ्याचा पहिला. आमच्या मेसमध्येही याहून वेगळं घडत नाही. हातांनी काय केलं ते मात्र माणूस सहसा विसरत नाही. ते म्हणाले, लांब सरळ पट्टीवर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन सीझ व्हायच्या आधी आवाजात किंचित जडपणा येतो. तेवढ्यात क्लच दाबला तर वाचलात, नाहीतर मागचं चाक अडकलंच. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक फारसा नसतो, आणि ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत. म्हणून वळणाआधीचा हिशेब कसा करायचा, तेही त्यांनी टेबलावर बशी फिरवून दाखवलं.

इंजिनाची ताकद वाढवायची ती कानशीने. सिलिंडरचे पोर्ट घासून मोठे करायचे, हेड थोडं उतरवून दाब वाढवायचा, सायलेन्सर कापून हाताने नवा बनवायचा. याच म्हैसूरचे सोमेंदर सिंह इंजिनं जुळवता जुळवता हेडमधल्या खाचांच्या कल्पनेपर्यंत पोहोचले आणि 2001 साली त्यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. 1983 साली दोन सिलिंडरची राजदूत 350 आली. तिच्यापुढे येझदीचा निभाव लागणं कठीण होतं.

मला खटकतं ते पुढेच. आज जुन्या गाड्यांना भाव आला आहे आणि प्रत्येकाला गाडी 'कारखान्यातून निघाली तशी' हवी आहे. रंग तोच, क्रोम तेच, स्टिकरसुद्धा तोच. या हौसेत घासलेलं सिलिंडर 'खराब' ठरतं आणि भंगारात जातं. या गृहस्थांची शर्यतीची गाडी घरच्याच तरुणाने मोठ्या प्रेमाने अशी नवीकोरी करून घेतली. जुनं सिलिंडर? मेकॅनिककडे राहिलं, त्याने किलोवर विकलं. मुलाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या पोर्टच्या उंचीत मिलिमीटरभर जे वाढवलं होतं, त्यात दोन-तीन वर्षांचे प्रयोग होते. ते कागदावर कधीच उतरले नव्हते.

मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, जिथे कुठे हे ऐकत असाल, तुमच्या गॅरेजात अशी कापलेली, घासलेली गाडी असेल तर रंगाला देण्याआधी इंजिन उघडून फोटो काढा, पोर्टची मापं लिहून घ्या. जुनं सिलिंडर तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा. आणि ती चालवणारा हयात असेल, तर आधी त्याला आणून दाखवा.