तेवीस मिनिटांचं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी मिरजेचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सतारमेकरांची दुकानं होती आणि शाळेत जाता-येता वाळत घातलेले तंबोऱ्याचे भोपळे ओलांडूनच जावं लागे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लहानपणी अब्बांचं बोट धरून मी त्या मैफलीला जायचो. सतरंजीवर हमाल, शाळामास्तर, डॉक्टर, भोपळा कोरणारे कारागीर असे सगळे मांडी घालून बसलेले असायचे. मला डुलकी लागली की अब्बा हलवून म्हणायचे, "मध्ये उठायचं नाही. गाणं पुरं होऊ दे."

हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं ते २००० साली, ईदच्या सुट्टीत, धाकट्या भावाच्या तोंडून. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. येताना एक वॉकमन आणि कॅसेट घेऊन आला होता. कानाला लावून पाहिलं तर गिटारींचा गडगडाट, ढोलांचा मारा. मी वॉकमन परत केला. म्हटलं, "हा कसला गोंगाट?" तो म्हणाला, "भाई, एकदा पुरं ऐक. मध्ये उठू नकोस."

श्रोतेहो, त्या कॅसेटवर 'ड्रीम थिएटर' हा अमेरिकन बँड होता. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. त्या संगीताचा मी जाणकार नाही. पण या बँडचा इतिहास समजून घेताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. हा इतिहास वाजवणाऱ्यांचा जेवढा आहे, तेवढाच ऐकणाऱ्यांचाही आहे.

या बँडचं पहिलं नावच मुळी तिकिटाच्या रांगेत जन्माला आलं. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गिटारवादक जॉन पेट्रुची, बेसवादक जॉन मायंग आणि ड्रमवादक माइक पोर्टनॉय हे तीन विद्यार्थी एकत्र आले. 'रश' या कॅनेडियन बँडच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी ते रांगेत उभे होते. सोबतच्या टेपरेकॉर्डरवर रशचंच गाणं चालू होतं. त्याचा शेवट ऐकून पोर्टनॉय म्हणाला, किती 'मॅजेस्टिक' आहे हे! झालं, बँडचं नाव 'मॅजेस्टी' ठरलं. पुढे त्याच नावाचा दुसरा बँड निघाला, म्हणून नाव बदलावं लागलं. पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावच्या एका छोट्या चित्रपटगृहाचं नाव सुचवलं. ते नाव होतं 'ड्रीम थिएटर'.

या पोरांच्या कानात दोन प्रकारचं संगीत होतं. एकीकडे सत्तरच्या दशकातले येस, जेनेसिस, रश यांच्यासारखे बँड. त्यांची गाणी वीस-वीस मिनिटांची, ताल सात, नऊ, अकरा मात्रांचे. दुसरीकडे आयर्न मेडन आणि मेटॅलिकाचा दणका. या दोन्हींचा मेळ त्यांनी घातला. तसं करणारे ते एकटे नव्हते. फेट्स वॉर्निंग, क्वीन्सराइक हे बँड त्याच वाटेवर होते. पण ड्रीम थिएटरचं नाव सर्वांत दूरवर गेलं. पाश्चात्त्य रॉकमध्ये बहुतेक सगळं चार मात्रांत चालतं. आपल्याकडे रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा घरच्याच. तेव्हा भावाच्या त्या गोंगाटात मी बोटांवर मात्रा मोजू लागलो आणि माझी मान आपोआप हलली, यात नवल नाही.

पहिला अल्बम १९८९ साली आला. तो फारसा चालला नाही आणि गायक चार्ली डॉमिनिची बाहेर पडला. पुढे कॅनडाचा जेम्स लाब्री आला आणि १९९२ साली 'इमेजेस अँड वर्ड्‌स' निघाला. त्यातलं 'पुल मी अंडर' हे गाणं आठ मिनिटांचं. रेडिओवर तीन-चार मिनिटांपलीकडे गाणं लावायला कुणी धजत नाही, हे या माध्यमात बोलणाऱ्या माझ्यासारख्यालाही ठाऊक आहे. तरी हे गाणं अमेरिकेत रेडिओवर आणि एमटीव्हीवर गाजलं. तेवढंच एक गाजलं. त्याची बँडला इतकी जाणीव की २००८ साली त्यांनी निवडक गाण्यांचा संग्रह काढला, तेव्हा नाव ठेवलं 'ग्रेटेस्ट हिट', एकवचनी! पुढे कंसात लिहिलं, आणखी एकवीस बऱ्यापैकी गाणी.

एकच हिट देणारा बँड चाळीस वर्षं कसा टिकला? याचं उत्तर 'अ चेंज ऑफ सीझन्स' या गाण्यात आहे. हे गाणं १९८९ साली रचलं गेलं. माणसाचं जन्मापासून मरणापर्यंतचं ऋतुचक्र त्यात आहे. पोर्टनॉय सतरा वर्षांचा असताना त्याची आई विमान अपघातात गेली होती, ते दुःखही त्यात आहे. 'इमेजेस अँड वर्ड्‌स'मध्ये ते घ्यायचं होतं, पण इतक्या लांब गाण्याला जागा मिळाली नाही. ते कार्यक्रमांत मात्र वाजलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांनी ध्वनिमुद्रणं एकमेकांना दिली. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांनी मागणी लावून धरली, की हे गाणं आम्हाला नीट हवं आहे. अखेर १९९५ साली ते निघालं. लांबी तेवीस मिनिटं. त्याच ध्वनिमुद्रिकेत लंडनच्या रॉनी स्कॉट्‌स क्लबात, मुख्यतः चाहत्यांच्या मंडळासाठी झालेल्या छोट्या कार्यक्रमातली गाणीही आहेत.

इथे थोडं माझ्याविषयी. त्याच काळात मी एक दीर्घकविता लिहिली होती. चाळीस पानांची. अब्बा, मिरज आणि उरुसाची रात्र असा तिचा विषय. एका नियतकालिकाला पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, 'कविता चांगली आहे, पण एवढं कोण वाचणार? दोन पानांत बसवा.' मी ती दोन पानांत बसवली नाही, आणि दुसरीकडेही पाठवली नाही. सरळ ट्रंकेत टाकली. म्हणून तेवीस मिनिटांच्या गाण्याची ही हकिकत भावाने सांगितली, तेव्हा मी कान टवकारले.

'दोन पानांत बसवा' हे या बँडलाही ऐकावं लागलं. १९९७ सालच्या 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी'च्या वेळी त्यांना दोन डिस्कचा अल्बम करायचा होता, तो झाला नाही. गाणी सोपी, सुटसुटीत व्हावीत म्हणून एका यशस्वी व्यावसायिक गीतकाराचा हातही एका गाण्याला लावण्यात आला. चाहते नाराज झाले आणि पोर्टनॉय तर बँड सोडण्याच्या बेतात होता. पुढच्या खेपेला बँडने स्वातंत्र्य मागून घेतलं आणि श्रोत्यांचीच एक जुनी मागणी पुरी केली. १९९२च्या अल्बममध्ये 'मेट्रोपोलिस' नावाचं गाणं होतं. त्यापुढे 'भाग एक' असं पेट्रुचीने निव्वळ गंमत म्हणून लिहिलं होतं. श्रोते सात वर्षं विचारत राहिले, भाग दोन कुठे आहे? १९९९ साली तो आला. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी', अखंड सत्याहत्तर मिनिटांची कथा. निकोलस नावाचा तरुण संमोहनाखाली जातो आणि १९२८ साली खून झालेल्या व्हिक्टोरियाच्या रूपातला आपला पूर्वजन्म त्याला दिसतो. यातल्या एका केवळ वाद्यांच्या सहा मिनिटांच्या तुकड्यात ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. असे बदल मोजत बसणारे श्रोते या बँडला लाभले. माझ्या भावानेही पेन्सिल घेऊन मोजले होते. परीक्षेच्या दिवसांत!

हा अल्बम ३० ऑगस्ट २००० रोजी न्यूयॉर्कच्या रोझलँड सभागृहात आरंभापासून अखेरपर्यंत सादर झाला. पाठीशी गॉस्पेल गाणाऱ्यांचा वृंद होता. त्याचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. मुखपृष्ठावर ज्वाळांनी वेढलेलं सफरचंद होतं आणि त्या ज्वाळांत न्यूयॉर्कच्या इमारती होत्या. जुळे मनोरेसुद्धा. चित्र महिन्यांपूर्वीचं, बँडच्याच जुन्या बोधचिन्हावर केलेला विनोद. तारीख नुसता योगायोग. प्रती ताबडतोब परत मागवल्या गेल्या आणि नव्या मुखपृष्ठाने पुन्हा निघाल्या. त्या सकाळी दुकानातून प्रत नेलेल्या मोजक्या श्रोत्यांकडेच जुनं चित्र राहिलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर कुणी बोलत नव्हतं. पुढे आमच्यासारख्या नावाच्या माणसांकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले, हे मी सांगायला नको. भावाने ज्यांचं गाणं उशाशी ठेवलं, त्यांचंच ते शहर. तो दोन-चार दिवस वॉकमनला हात लावेना. मग २००३ साली याच बँडचं 'इन द नेम ऑफ गॉड' आलं. चौदा मिनिटांचं. देवाच्या नावाने माणसं मारणाऱ्यांना त्यात जाब विचारला आहे. गाण्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या एका प्रसिद्ध स्तोत्राची धून मागून हळूच ऐकू येते. मला वाटलं, बोट स्वतःकडेही वळवलंय यांनी. त्या रात्री आम्ही दोघा भावांनी ते गाणं दोनदा ऐकलं. एकेक इअरफोन वाटून.

कार्यक्रमांचीही त्यांची रीत वेगळी. पूर्वी एखाद्या शहरात वाजवलं असेल तर तिथली जुनी यादी काढून पोर्टनॉय नवी यादी करायचा, म्हणजे येणाऱ्याला तेच ते मिळू नये. एकाच शहरात सलग दोन रात्री असल्या, तर कधी दुसऱ्या रात्री दुसऱ्याच बँडचा अख्खा अल्बम वाजे. २००२ साली मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', २००५ साली पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून'. काही जण खूश होत, काही चिडत, की आम्ही तुमची गाणी ऐकायला पैसे मोजले! पोर्टनॉय स्वतः ध्वनिमुद्रणं जमवणारा. श्रोते चोरून रेकॉर्डिंग करतात म्हणून ओरडण्याऐवजी त्याने २००३ साली जुनी ध्वनिमुद्रणं काढण्यासाठी 'यत्सेजॅम' नावाची संस्थाच सुरू केली. 'मॅजेस्टी'ची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, हे नाव मिळेल.

भाऊ २००५ साली नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. १ एप्रिल २००६ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात बँडचा विसाव्या वर्षाचा कार्यक्रम झाला. उत्तरार्धात पूर्ण वाद्यवृंद साथीला होता. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "भाई, 'ऑक्टेव्हेरियम' वाजवलं. चोवीस मिनिटं. शेजारी एक म्हातारा गोरा होता, डोळे पुसत होता. मला म्हणाला, बसून ऐकायचं गाणं आहे हे. आपल्या उरुसासारखं वाटलं."

म्हणून श्रोते प्रत्येक वेळी खूश असतात असं नाही. १९९४च्या अखेरीस क्यूबात सुट्टीवर असताना अन्नातून विषबाधा होऊन लाब्रीच्या स्वरतंतूंना इजा झाली. तेव्हापासून त्याच्या आवाजावर चाहत्यांत वाद आहे. नुसती बोटांची कसरत, जीव नाही, असंही म्हणणारे आहेत. २०१६ सालचा 'द अ‍ॅस्टॉनिशिंग' दोन तासांहून मोठा. तो अनेकांना झेपला नाही, भावालाही नाही. पोर्टनॉय २०१० साली बाहेर पडला आणि माइक मँजिनी आला, तेव्हा तर घरातली वाटणी व्हावी तसे दोन तट पडले. मँजिनीच्या काळातच २०२२ साली बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं. २०२३च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय परतला. त्याच्या पुढच्याच महिन्यात पहिला गायक डॉमिनिची वारला. त्यालाही हे श्रोते विसरले नव्हते. पहिल्या अल्बमला पंधरा वर्षं झाली तेव्हा, २००४ साली, लॉस एंजेलिसमध्ये त्याला पुन्हा मंचावर बोलावलं होतं. २०२५च्या फेब्रुवारीत 'पॅरासोम्निया' आला. त्यातलं शेवटचं गाणंही जवळपास वीस मिनिटांचंच. सवय सुटलेली नाही.

गेल्या वर्षी भाऊ सुट्टीवर आला होता. बोलता बोलता ट्रंकेतल्या कवितेचा विषय निघाला. म्हणाला, "भाई, वाचून तरी दाखव." एका मित्राच्या माडीवर बसलो. सतरंजी अंथरली. बारा जण होते, त्यांत एक सतारमेकर आणि एक निवृत्त पोस्टमन. चाळीस पानं वाचायला सव्वा तास लागला. मध्ये चहा आला तो तसाच निवला.

संपादकांनी विचारलं होतं, एवढं कोण वाचणार? तो प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर मात्र मी शोधायला हवं होतं, ट्रंकेला कुलूप घालायला नको होतं. त्या रात्री बारा जण मिळाले, आणि मध्ये कुणी उठलं नाही.