एका हाकेला ओ देऊ नये

आमच्या घरात रामदास म्हणजे आधी बोट. संत नंतर, शाळेत गेल्यावर भेटले. आजी 'रामदासच्या साली' म्हणाली की १९४७ समजायचं. त्याच वर्षी महिन्याभराने स्वातंत्र्य मिळालं, पण त्याबद्दल ती एवढंच सांगे की गावात कुणाच्या हातून साखर वाटली गेली नाही.

१७ जुलैची ती सकाळ. गटारी तोंडावर आलेली, गिरणगावातली अलिबागकडची माणसं घरी निघालेली. बोट भाऊच्या धक्क्यावरून आठच्या सुमारास सुटली, रेवसकडे. काशाच्या खडकाजवळ दर्याने उचल खाल्ली, बाजूने लाटेचा तडाखा बसला, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि त्या भाराने बोट कलंडली ती कलंडलीच. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईपासून काही मैलांवर एवढं घडलं आणि मुंबईला कळलं ते दुपार उलटल्यावर, पोहत आलेल्यांच्या तोंडून. रेवसहून मासळी घेऊन निघालेल्या मचव्यांनी मासळीच्या टोपल्या दर्यात रिकाम्या केल्या आणि हाताला लागतील तेवढी माणसं वर ओढली, असं आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. बोटीचं सांगताना आवाज खाली जातो, मचव्यांचं सांगताना वर चढतो.

आजोबांचे थोरले भाऊ त्या बोटीवर होते. म्हणजे असावेत. तिकीट काढून चढले की तसेच घुसले, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बोटीवर बिनतिकिटीही बरेच होते, आणि अशांची नावं कुठल्या यादीत असणार? पुढे कित्येक दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती. आजोबा रोज जाऊन बघून येत. भाऊ त्यांत नव्हता.

मग हाका सुरू झाल्या. अमावास्येच्या रात्री काशाच्या खडकाकडून माणसं हाका मारतात, हे आमच्या लहानपणी सगळ्या पोरांना पाठ होतं. खाडीत गिऱ्हा असतो, तो बुडालेल्या माणसाच्या आवाजात बोलावतो आणि ओ दिली की पाण्यात ओढतो, हे त्याच्याही आधीचं. दोन गोष्टी कधी एकमेकींत मिसळल्या ते सांगता येत नाही. एक मात्र सगळ्यांना सक्त सांगितलेलं असे: रात्री एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारील.

शेजारचे तांडेलबाबा या सगळ्याला हसत. रात्री मतलई वारा सुटला, पाण्यावरची हवा गार आणि वरची उबदार असली, की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून मैलोगणती जातो, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. मुंबईच्या बंदरातला भोंगा त्यांनी भर खाडीत ऐकलेला. वल्हं मारलं की पाण्यात निळसर उजेड पेटतो तो कसल्याशा बारीक जिवांचा, हेही त्यांनी आम्हाला सांगितलं. पण गटारीला त्या खडकाजवळून जाताना नारळ तेही सोडत. मला यात विसंगती कधी दिसली नाही. आवाज कसा येतो हे माहीत असलं, तरी तो कुणाचा आहे हे उरतंच.

आजीचे एक मामा कच्छच्या मांडवीपर्यंत गलबतं नेत. त्यांच्याकडून आमच्या घरात आणखी एक बोट आली: विजळी. तिचं कागदोपत्री नाव 'वैतरणा'. विजेचे दिवे लागलेली आगबोट तिकडच्या लोकांना नवी, म्हणून विजळी. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती मांडवीहून मुंबईला निघाली. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं तिच्यावर होती, लग्नाची वऱ्हाडं होती, सगळे मिळून सातशेच्या वर. वादळ उठलं, पोरबंदरला थांबता आलं नाही, मांगरोळच्या समोर ती दिसली ती शेवटची. शोधायला बोटी पाठवल्या, पण तिचा मागमूस लागला नाही. हाजी कासमचं नाव गुंफलेलं तिचं गाणं काठेवाडात आजही म्हणतात. मामा म्हणत, वाऱ्याच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून एक बोट दिव्यांनी लखलखलेली जाते. ती धक्क्याला लागत नाही, आणि तिच्यावर माणूस दिसत नाही.

लहानपणी मला विजळी जास्त आवडायची, कारण ती दिसायची तरी. रामदास कधी कुणाला दिसली नाही, नुसतीच ऐकू यायची. आता वाटतं, भुताटकीतही हिशेब असतो. विजळी अख्खी हरवली म्हणून अख्खी बोट फिरते. रामदास कुठे बुडाली ते सगळ्यांना माहीत होतं, प्रेतंही लागली. हरवली ती थोडी माणसं, आणि तेवढीच हाका मारतात. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या. त्यांचं भूत आमच्या घरी नाही, कारण त्यांच्यावर आमचं कुणी नव्हतं.

मोठी आजी, म्हणजे त्या थोरल्यांची बायको, कुंकू लावत राहिली. प्रेत नसेल तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तो जाळून क्रिया करतात. पालाशविधी म्हणतात त्याला. भटजी दोनदा येऊन गेले. तिने दोन्ही वेळा चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. पाण्यात पडलेला माणूस कुठल्या बंदराला लागेल याचा नेम नाही, कराचीलासुद्धा गेला असेल, म्हणायची. हाकांवर तिचा विश्वास नव्हता. इतर बायका पोरांना आत घ्यायच्या तेव्हा ही ओट्यावर बसून राही.

सातबाऱ्यावर मात्र थोरल्यांचंच नाव होतं. खाचरं खारटायला लागली, बांध घालायचा तर कर्ज हवं, आणि कर्जाला सही हवी. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो कायद्याने मेलेला धरता येतो, हे आजोबांना वकिलाने सांगितलं. १९५४ च्या पावसाळ्यानंतर घरी पुतळा झाला. तिने हरकत घेतली नाही, फक्त आपलं नाव सातबाऱ्यावर चढलं की नाही ते तलाठ्याकडे स्वतः जाऊन बघितलं. पुढल्या गटारीला शेजारणीने विचारलं, यंदा हाक आली का गं? मोठी आजी म्हणाली, आता त्याचं इथे काय आहे, जमीन माझ्या नावावर आहे.