मधल्या सुट्टीतला नळ

दर रविवारी रात्री नऊ वाजता माझी शाळा भरते. पटावर एकच विद्यार्थिनी, वय वर्षे आठ, मुक्काम टोरोंटो. तिच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असते. लेक आणि जावई नाश्त्याच्या गडबडीत असतात, आणि नात खुर्चीवर मांडी घालून बाराखडी, मग चार ओळींचा धडा, मग एखादी गोष्ट, असा अभ्यास करते. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, पण ह्या एका तासासाठी मी अजून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.

गेल्या पावसाळ्यात ह्या शाळेवर संकट आलं. नऊ वाजले की चित्र अडकायचं. ती "आजोबा, घ-" म्हणायची आणि पुढचं घर कुठं जायचं कोण जाणे. तिकडे माझीही तीच गत. "आजोबा, तुम्ही परत पुतळा झालात!" असं ती पहिल्यांदा हसून म्हणाली. तिसऱ्या रविवारी हसली नाही. चौथ्या रविवारी लेकीचा निरोप आला, "बाबा, ती कंटाळते हो. थोडे दिवस राहू दे का?"

हे वाचून मला काय वाटलं ते सांगायचं तर आधी १९७८ सालात जावं लागेल.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी नव्यानं मास्तर झालो होतो. वडील, म्हणजे आमचे नाना, मुंबईत इस्पितळात होते. थोरले बंधू गिरगावात चाळीत राहायचे. फोन अर्थात चाळीत नव्हता, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे होता. दादांचं पत्र आलं, 'नानांचं बरं नाही.' पत्राला चार दिवस झालेले. मी शाळेतून तडक तालुक्याच्या गावी तार ऑफिसात गेलो आणि ट्रंक कॉल लावला.

तरुण वाचकांसाठी सांगतो, तेव्हा कॉल 'लावायचा' म्हणजे नाव नोंदवून बाकावर बसायचं. दोन गावांमध्ये तारा मोजक्याच. एक मोकळी झाली की ऑपरेटर पुढचा नंबर जोडून देणार. कॉलचे तीन वर्ग असत : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. मी ऑर्डिनरी लावला. मास्तराचा पगार आणि महिनाअखेर, दुसरं काय करणार? संध्याकाळी सहाला तो अर्जंट करून घेतला. रात्री दहाला हाक आली.

खरखर, त्यातून दादांचा आवाज, तोही विहिरीतून आल्यासारखा. मी ओरडून विचारलं, "नाना कसे आहेत?" उत्तर आलं, "नाना ... ले."

आणि लाइन गेली.

मंडळी, मराठी भाषेचा मी पदवीधर. पण त्या रात्री मला कळलं की 'ले' ह्या एका अक्षरात दोन जग मावतात. 'आले' की 'गेले'? पुन्हा नंबर लावला तर सकाळ होणार होती. मी स्टँडवर रात्र काढली, पहाटेची एसटी पकडली आणि मुंबईपर्यंतचा सगळा रस्ता ते एक अक्षर डोक्यात घोळवत बसलो. पुण्याच्या पुढे तर मी ठरवूनच टाकलं होतं की 'गेले'. चाळीचा जिना चढलो तर नाना खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. आदल्या दिवशीच इस्पितळातून घरी आले होते! मला बघून म्हणाले, "अरे, शाळा सोडून कशाला आलास?" त्यानंतर ते चांगले सहा वर्षं जगले.

तेव्हापासून अर्धवट तुटलेल्या वाक्याची मला धास्ती आहे. नातीचं 'घर' तुटलं की माझ्या पोटात जे होतं त्याचं मूळ हे.

असो. धास्ती एकीकडे, पण मास्तराची खोड अशी की कारण समजल्याशिवाय चैन पडत नाही. कंपनीला फोन केला तर "बॉक्स बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून मी एक जुनी वही काढली, रेघा मारल्या आणि वेगाचं हजेरीपुस्तक सुरू केलं. रोज दोन नोंदी, पहाटे पाचला आणि रात्री नऊला. आमची योजना १०० मेगाबिटची. पहाटेची हजेरी ९० ते ९५. रात्री नऊची ११, ८, १४, ९. पंधरा दिवसांत पान भरलं आणि चित्र स्पष्ट झालं. वायर बिघडली असती तर ती पहाटेही बिघडलेलीच राहिली असती. हा बिघाड नव्हता, गर्दी होती.

आमच्या शाळेत चारशे मुलं आणि नळ चार. मधल्या सुट्टीची घंटा झाली की नळावर झुंबड. पाचव्या तासाला जाऊन पाहावं तर चारही नळ कोरडे उभे. आता चारशे मुलांसाठी चारशे नळ कोणी बसवत नाही, कारण सगळ्यांना एकाच वेळी तहान लागत नाही. पण मग किती बसवावेत? चार? दहा? हा प्रश्न टेलिफोनवाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि तो सोडवला एका माजी मास्तरांनी, ह्याचा मला फार आनंद झाला.

आग्नर क्रारूप एर्लांग हे डेन्मार्कचे. जन्म १८७८. वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर आणि हे स्वतःही काही वर्षं शाळेत शिकवत होते. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले. तिथं त्यांनी हाच हिशोब मांडला : इतके ग्राहक, प्रत्येक जण साधारण इतका वेळ बोलणार, तर किती तारा ठेवल्या म्हणजे सगळ्यात गर्दीच्या तासालाही फार थोड्या लोकांना 'लाइन बिझी' ऐकावं लागेल? १९०९ साली त्यांचा पहिला निबंध आला आणि १९१७ साली ती प्रसिद्ध सूत्रं. पुढे टेलिफोनवरची वर्दळ मोजायच्या एककालाच 'एर्लांग' हे नाव दिलं गेलं. एका मास्तराच्या नावाचं माप!

ह्या हिशोबात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे सगळे एकदम येणार नाहीत. आजचं फायबरही त्याच गृहीतकावर चालतं. आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत एका फायबरमधून सुमारे २,५०० मेगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांना प्रत्येकी १०० मेगाबिट विकले तर बेरीज ६,४०० होते. आडातच २,५०० आहेत तर पोहऱ्यात कुठून येणार? सगळे एकदम बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ येतात. त्यापुढे कंपनीकडून बाहेर जाणारी जी मोठी वाट असते, तिथेही पुन्हा वाटणी. पहाटे पाचला मी एकटा नळावर असतो. रात्री नऊला पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा.

आता गर्दी आली की करायचं काय? इतिहास पाहिला तर माणसानं चार उपाय केलेले दिसतात. पहिला, नळ वाढवा. सगळ्यात चांगला, पण खर्चिक. दुसरा, जास्त पैसे देईल त्याला पुढे घ्या, म्हणजे आमचं लाइटनिंग. ह्यात तार वाढत नाही. एक पुढे जातो म्हणजे दुसरा मागे जातो, आणि तो दुसरा बहुधा महिनाअखेरीचा मास्तर असतो.

तिसरा उपाय म्हणजे वेळा बदला. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि हळूहळू बाकावरची प्रतीक्षा संपली. मग रात्री उशिरा बोलणाऱ्याला पाव दर लावण्याची सवलत आली. तुम्हाला आठवत असेल, पिवळ्या पाटीच्या बूथवर रात्री किती रांग लागायची! दिवसाची गर्दी हलवायला सवलत दिली, तर गर्दी सवलतीपाशी येऊन उभी राहिली. नव्वदीत आमच्या लेकीच्या होस्टेलचा फोन आम्ही असाच रात्री जागून केलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं, २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं, आणि त्यानंतरच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजत नसत. तेव्हा आमचा एक पुतण्या गजर लावून दोनला उठायचा. अभ्यासासाठी कधी उठला नाही तो!

चौथा उपाय मला सगळ्यात आवडतो. ती हकिकत १९८६ ची, अमेरिकेतल्या बर्कलीची. तिथली एक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ ह्यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग ऑक्टोबरात अचानक सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. म्हणजे आठशेपट कमी! चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तर बरं, अशी अवस्था. व्हॅन जेकबसन नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी मायकेल कॅरेल्स ह्यांनी शोध घेतला. दोष तारेत नव्हता, यंत्रांच्या वागण्यात होता. एका यंत्रानं निरोप पाठवला आणि पोच आली नाही की ते तोच निरोप पुन्हा पाठवायचं, मग पुन्हा. गर्दीमुळे पोच उशिरा येत होती, आणि पोच येत नाही म्हणून गर्दी वाढत होती. वर्गात एकानं "सर, मी सांगतो" म्हटलं आणि सरांना ऐकू गेलं नाही म्हणून तो आणखी मोठ्यानं ओरडला की चाळीस जण ओरडू लागतात. कोणाचंच ऐकू येत नाही.

१९८८ साली त्यांनी उपाय प्रसिद्ध केला तो असा : सुरुवात हळू करा. पोच येत गेली तर वेग वाढवा. निरोप हरवला की समजा गर्दी आहे, आणि आपला वेग आपणच निम्मा करा. मग पुन्हा बेताबेतानं वाढवा. वर देखरेखीला कोणी मॉनिटर नाही, छडी नाही. प्रत्येकानं आपापलं एक पाऊल मागे घ्यायचं. पुढे बारकावे खूप बदलले, पण इंटरनेटवरच्या बहुतेक वाहतुकीला हीच शिस्त उपयोगी पडली. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला, तेव्हाही व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा उतरवायचं मान्य केलं होतं. इतरांनाही नळ मिळावा म्हणून आपली बाटली थोडी लहान करायची, दुसरं काय!

हे सगळं वाचून झालं आणि मी आमच्याच घराकडे पाहिलं. आतापर्यंत शेजाऱ्यांना, कंपनीला आणि क्रिकेटला मनात बोल लावून झाले होते. बाहेरच्या खोलीत सौ. मोठ्या पडद्यावर मालिका बघत होत्या. ते ठीक, तो त्यांचा हक्क. पण पुतण्यानं येऊन माझा फोन तपासला तेव्हा कळलं की दिवसभर आलेली सुप्रभातची फुलं, सुविचार आणि लग्नाचे व्हिडिओ माझा फोन नेमका रात्री साडेआठनंतर इंटरनेटवरच्या कपाटात चढवत बसायचा. बाहेर जाणारी वाट त्यानंच अडवली होती. माझा आवाज नातीपर्यंत पोचत नव्हता कारण त्याच्या पुढे माझीच चारशे फुलं रांगेत उभी होती! दंगा करणारा मुलगा मास्तरांच्याच घरचा निघाला.

दुसरी गोष्ट वायफायची. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात एक बॉक्स, आणि जुन्या पद्धतीच्या वायफायला एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा तीनच. म्हणजे भिंतीपलीकडच्यांचीही आमच्यात सरमिसळ. लॅपटॉप सरळ वायरनं जोडला तर रात्री नऊची हजेरी ९ वरून ३६ वर गेली. पहाटेचे ९५ नव्हेत, पण बोलायला भरपूर. तुमच्याकडे रात्री असाच त्रास असेल तर आधी वायर लावून मोजून पाहा. मग कळतं, भांडण कोणाशी करायचं ते.

मी लेकीला विनवलं, एकच रविवार दे. फोनचं ते चढवणं रात्री बंद केलं, वायर लावली. धडा सुरू झाला आणि वीस मिनिटांनी चित्र पुन्हा थबकू लागलं. त्या दिवशी क्रिकेटचा मोठा सामना होता, अख्खी शाळा नळावर होती. मी म्हटलं, "बाळा, आपण चित्र बंद करू. आवाजाला फार थोडी जागा लागते. तू नुसती वाच, मी ऐकतो."

पडदा काळा झाला. मी डोळे मिटले. पलीकडून सावकाश, अडखळत, पण अखंड आवाज आला : "बाबा - घरी - आले."

पूर्ण वाक्य. एकही अक्षर सांडलं नाही. धड्यातलं ते साधं वाक्य तिनं दोनदा वाचलं, कारण मी "पुन्हा वाच" म्हणालो. का म्हणालो ते तिला कळलं नाही. तिला वाटलं, चुकलं.